अक्षर घराण्यात उतरतं का? मुलीचं वळण थेट आत्यासारखं

पंचगंगाकाठ (शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

मंडळी, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, मराठी माध्यम. तिची वही आणि तिच्या आत्याची जुनी पत्रं शेजारी ठेवली तर घरातलेच लोक फसतात. आत्या इचलकरंजीला असते, भेट सणावारालाच. तिनं पोरीला कधी काही गिरवायला दिलेलं नाही.

सारखेपणा कुठं आहे ते सांगतो. शिरोरेघ अखंड नाही, अक्षरागणिक तुकडे, आणि रेघ उजवीकडं जाताना खाली उतरते. काना डावीकडं कललेला. 'क'चं डावं पोट अगदी लहान आणि उजवा फास मोठा. 'ल' आणि 'श' दोघींचे एकसारखे. दाब इतका की पान उलटून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात.

दोघीही डावखुऱ्या आहेत. आणि एक, उपयोगाचं आहे की नाही माहीत नाही: दोघींनाही शाळेआधी पाटीवर आमच्या आईनंच बसवलं. आई उजव्या हाताची.

तर हे रक्तात उतरतं का? आणि यातलं काय सुधारायचं, काय सोडून द्यायचं? शाळेतून 'अक्षराला वळण लावा' एवढाच शेरा येतो. सध्या दुरेघी वही आणि एचबी पेन्सिल वापरतोय.

दस्त_दप्तर

'उपयोगाचं आहे की नाही' म्हणून जे शेवटी टाकलंत तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. पण क्रमानं जाऊ.

दोन अक्षरं ताडून बघताना आधी जे सगळ्यांचं सारखं असतं ते बाजूला काढायचं. तुमच्या यादीतले 'ल' आणि 'श' इथंच बाद होतात. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' महाराष्ट्रात शाळेत शिकवतात, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही तेच रूप प्रमाण धरलंय. ते दोघींत सारखे असण्यावरून दोघी मराठी शाळेत शिकल्या एवढंच कळतं.

दुसरा थर हाताच्या यंत्रणेचा. रेघ उजवीकडं उतरते आणि काना डावीकडं कलतो, ही दोन्ही डाव्या हाताची लक्षणं आहेत. डावा कोपर टेबलावर टेकवून पंजा आडवा फिरवून बघा. कोपर हा मध्यबिंदू होतो आणि पेन्सिलीचं टोक वर्तुळाचा तुकडा काढतं. वही सरळ समोर ठेवली असेल तर तो तुकडा उजवीकडं खाली येतो. उजव्या हातानं केलं तर उजवीकडं वर चढतो. वही तिरकी करून हे सावरता येतं, पण डावखुऱ्या मुलांना ते सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे एकमेकींना कधीही न भेटलेल्या दोन डावखुऱ्या मुलींतही हे साम्य दिसू शकतं.

तिसरा थर खरा महत्त्वाचा: रेघा कुठल्या क्रमानं, कुठल्या दिशेनं काढल्या, आणि हात कुठं उचलला. कागदावर उरतो तो आकार. शिकवलं जातं आणि हातात बसतं ते वळण, म्हणजे हालचालींचा क्रम. तुमचा 'क' घ्या. शाळेत बहुतेक ठिकाणी आधी डावं पोट, मग काना, मग उजवा फास असा तीन तुकड्यांत शिकवतात. दुसरी रीत अशी की आधी काना, आणि मग डावं पोट काढून हात न उचलता काना ओलांडून उजवा फास, एका ओढीत. या रीतीत हात वेगात उजवीकडं जातो, त्यामुळं उजवा भाग फुगतो आणि डावा आखडतो. तुम्ही वर्णन केलेला 'क' मला या दुसऱ्या जातीचा वाटतो. आता आईंना विचारा त्या 'क' कसा काढतात. विचारा म्हणजे बघा. तोंडी विचारलं तर माणूस हमखास पुस्तकी रीत सांगतो.

तपासायची पद्धत: तिघींनाही एकच मजकूर, बिनरेघी कागद, साधं बॉलपेन. मजकूर समोर ठेवून उतरवायचा नाही, दुसऱ्यानं वाचायचा आणि त्यांनी लिहायचा. शब्द असे घ्या: कमळ, झरा, ठसा, भाकरी, खडू, थवा, ढग, अक्षर. वेगवेगळ्या दिवशी निदान पाच-सहा वेळा लिहून घ्या, कारण एकाच माणसाचं अक्षरही दरवेळी थोडं हलतं. तो फरक किती हे कळल्याशिवाय दोन माणसांतल्या फरकाला अर्थ नाही. मोबाईलवर हाताचा व्हिडिओ समोरून घ्या, मागून घेतला तर मनगट आड येतं. झेरॉक्सवर काहीही ठरवू नका. दाब आणि उचल त्यात दिसत नाही.

'रक्तात' म्हणाल तर हाताची ठेवण, सांधे, स्नायूंवरचा ताबा यांत वारसा नक्की असतो. बफेलोच्या विद्यापीठात जुळ्यांच्या २०६ जोड्यांची हस्ताक्षरं संगणकानं ताडून पाहिली होती, ते काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. एकसारख्या जुळ्यांची अक्षरं वेगळी ओळखणं वेगळ्या जुळ्यांपेक्षा अवघड गेलं, पण ओळखता आली. सगळे जनुक सारखे आणि बहुतेक वेळा घरही एकच, तरीही अक्षरं दोन. आत्या-भाचीचा वारसा त्यापेक्षा फार पातळ.

जाता जाता: घरचे फसतात म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका. एखाद्याचं अक्षर ओळखणाऱ्या परिचिताचं मत कोर्टात ग्राह्य असतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४७, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ४१. वाटणीपत्रांच्या भांडणात 'हे बापाचंच अक्षर' असं छातीठोक सांगणारे नातेवाईक बऱ्याचदा फक्त पहिल्या दोन थरांकडं बघत असतात.

पाटीपुस्ती

दादा, वरच्यांनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगते. डावखुऱ्या मुलांना पहिलीपासून उजव्या हातानं शिकवलं जातं, म्हणजे करून दाखवणारा हात उजवा असतो. मूल आकार बघतं आणि हालचाल स्वतःची शोधतं. तुमच्या आईंच्या बाबतीत तेच झालं असणार, दोन्ही वेळा.

आधी बैठक. वही छातीच्या मध्याच्या थोडी डावीकडं. वरचा डावा कोपरा वर आणि उजवा खाली येईल अशी साधारण ३० अंश तिरकी. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे. ओळीवरून आकड्यासारखा वाकवून लिहीत असेल तर वही पुरेशी तिरकी नाही असं समजा. पेन्सिल टोकापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर धरायची, उजव्या हाताची मुलं धरतात त्यापेक्षा थोडी वर, म्हणजे लिहिलेलं दिसतं. त्या जागी रबर बँड गुंडाळा, खूण राहते. उजेड उजवीकडून. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजारणीचा उजवा कोपर आणि हिचा डावा दिवसभर भांडतात. तारेची वही नको, तार हाताखाली येते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कित्त्याकडं. पुस्तीत नमुना डावीकडं छापलेला असतो आणि पुढं उजवीकडं गिरवायचं असतं. डावखुऱ्या पोरीचा हात नेमका नमुन्यावर येतो. ती पहिलं अक्षर नमुना बघून काढते, दुसरं स्वतःचं पहिलं बघून, आणि ओळीच्या शेवटी भलतंच काहीतरी उभं असतं. नमुना ओळीच्या वर किंवा उजव्या टोकाला लिहून द्या. हा एक बदल केला तरी आठवड्याभरात फरक दिसायला लागतो.

ठिपक्यांची अक्षरं गिरवायला मी फारशी देत नाही. मूल ठिपके जोडतं, म्हणजे चित्र काढतं. क्रम चुकला तरी आकार बरोबर येतो आणि चूक पक्की होते. तीनदा गिरवणं, तीनदा खाली बघून लिहिणं, एकदा डोळे मिटून. डोळे मिटून अक्षर ओळखू येण्याजोगं आलं तर वळण हातात बसलं. त्याआधी ताटात रवा किंवा ओल्या ब्रशनं फरशीवर, अक्षर वीतभर उंच, खांद्यापासून हात हलवत.

अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमानं घेऊ नका, वळणाच्या क्रमानं घ्या. जुनी माणसं 'गमभन'पासून सुरू करायची ते उगाच नाही. चारही अक्षरांत काना तोच, फरक आहे तो डावीकडच्या भागाचा. मग व ब क. मग प ष फ. ट ठ ढ द. र स ख. त ल. घ ध छ शेवटी, कारण घ-ध आणि भ-म यांचा घोळ शिरोरेघेच्या फटीवर आणि गाठीवर असतो. तुमच्या मुलीची रेघ तुकड्यातुकड्यांची आहे, तिथं ही फट हरवते आणि 'भात'चा 'मात' होतो. म्हणून 'भ', 'ध', 'थ' यांची गाठ स्पष्ट वळवून घ्या.

शिरोरेघ: आधी शब्द पुरा, मग वर एक सलग रेघ. ती उजवीकडून डावीकडं ओढत असेल तर ओढू दे. डाव्या हाताला डावीकडून उजवीकडं पेन्सिल ढकलावी लागते, टोक कागदात रुततं. अक्षरं आधीच लिहिलेली असल्यामुळं रेघ कुठं संपवायची तेही दिसतं. काही शिक्षक याला चूक धरतात. मी धरत नाही. वाचणाऱ्याला रेघेची दिशा दिसत नाही.

एचबी सोडा, २बी घ्या. दाब कमी करायला पातळ कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवून लिहायला सांगा, दाबलं की कागद फाटतो आणि तिलाच कळतं. त्यातच एक ओळ फिकी, एक गडद असं आलटून पालटून. रोज दहा-बारा मिनिटं. शिक्षा म्हणून दहा पानं लिहायला लावली की शेवटची सात पानं वाईट वळणाचाच सराव होतो.

उंची दुरेघीत आपोआप येते, वेलांटी आणि उकार मात्र सुटतात. ते अक्षराच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त नकोत, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. दोन शब्दांत एका 'म'एवढी जागा.

नाद_खुळा_०९

डावीकडं कललेलं अक्षर म्हणजे माणूस अबोल आणि मन मारून राहणारा असतो म्हणे. दोघींचा स्वभाव पण सारखा आहे का?

दस्त_दप्तर

नाही. अक्षरावरून स्वभाव सांगणं आणि दस्तऐवज तपासणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. वही ३० अंशांत तिरकी केली की तोच काना सरळ होतो. स्वभाव तेवढ्यात सरळ होत नसावा.

मोडीचं_दप्तर

आजींचं वय सांगितलेलं नाही, पण शिरोरेघेबद्दल भर घालतो. मोडीत आधी कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग रेघ आखतात आणि अक्षरं तिला खालून लोंबकळत जातात. शब्द तोडत नाहीत, हात शक्यतो उचलत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी होती, त्यामुळं त्या पिढीचे काही लोक बाळबोध लिहितानाही आधी रेघ ओढतात. अशा घरात पाटीवर बसलेलं मूल 'आधी रेघ, मग अक्षर' उचलू शकतं. ओळखायची खूण: रेघ आधी असेल तर काना तिच्यावर किंचित बाहेर आलेला दिसतो, किंवा तिच्यापर्यंत पोचतच नाही. नंतर ओढलेली रेघ कान्यांच्या डोक्यांवरून जाते.

'घराण्याचं अक्षर' ही गोष्ट दप्तरात खरोखर दिसते, पण तिथं घराणं म्हणजे धंदा. चिटणीस, फडणीस, कुलकर्णी यांच्या घरात मुलगा वडिलांच्या हाताखाली बोरू धरायचा, त्यांच्याच कित्त्यावरून. चिटणिशी वळण हे नावच त्यातून आलं. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर दरबारचे मोडी कागद आहेत. एका कारकुनाचा हात कुठं संपला आणि पुढच्याचा कुठं सुरू झाला हे ओळखताना अक्षराच्या आकारानं फसायला होतं, जोडणीनं होत नाही. शिवाय बोरू तासणारा हात एकच असेल तर रेघेची जाडीही दोघांची सारखी येते, आणि वाचणारा त्याला वळण समजतो. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतर ज्यांच्या घरात लेखणीच नव्हती अशी मुलंही शाळेत बसली. त्यांचं अक्षर घराचं असणं शक्यच नाही, ते मास्तरांचं.

गडहिंग्लजकर

एक भर. आपल्याकडं सीमेलगत बऱ्याच घरांत मोठ्यांची पहिली लिपी कन्नड. तो हात मराठी लिहितानाही गोल वळतो, आणि रेघ अक्षरागणिक सुटी पडते, कारण कन्नडमध्ये बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापला तुकडा असतो. आजी तिकडच्या असतील तर तुटक रेघेचा दोष डाव्या हातावर टाकू नका.

हस्तोपचार

मुलांच्या हाताच्या कामाशी संबंधित आहे म्हणून तेवढंच बोलते.

डावखुरेपणा थोडा घराण्यात चालतो. आई-वडील दोघे उजवे असतील तर दहातलं एखादं मूल डावखुरं, एक डावा असेल तर साधारण पाचातलं एक, दोघे डावे असतील तर चारातलं एक. म्हणजे दोन्ही पालक डावे असले तरी मूल बहुधा उजवंच निघतं.

दाबाबद्दल सांधे बघा. पेन्सिल धरल्यावर तर्जनीचं शेवटचं पेर आत खचतं का? अंगठा मागे वाकून मनगटाला टेकतो का? सैल सांधे घराण्यात असतात. असे हात पेन्सिल स्थिर ठेवायला जास्त जोर लावतात, बोटं पांढरी पडतात, अर्ध्या पानात हात दुखतो. आत्याचीही बोटं तशी असतील तर दाबापुरता वारसा म्हणता येईल. अशा मुलांना 'हलकं लिही' सांगून उपयोग नसतो. जाड तिकोनी पेन्सिल, किंवा पेन्सिल तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात अडकवून अंगठ्यानं धरणं, यानं जोर कमी लागतो. तीन बोटांची पकड आदर्श म्हणतात, पण चार बोटांची पकडही तितकीच चालते. दुखत नसेल आणि वेग येत असेल तर मोडू नका.

काळजी कधी करायची: उतरवून लिहिताना ठीक पण मनातलं लिहिताना शब्दांतली अक्षरं गळतात, उलटतात; तोंडी उत्तर पूर्ण आणि लेखी दोन शब्दांत; तिसरीच्या शेवटीही मात्रा-वेलांटी कुठल्या अक्षरावर यात गोंधळ. तेव्हा वळणावर मेहनत करण्याआधी तपासणी करून घ्या. तुमच्या वर्णनात मला यातलं काही दिसत नाही.

पंचगंगाकाठ

लई आभार सगळ्यांचे. रविवारी आत्या आलेली, तिघींना बसवलं आणि व्हिडिओ काढले. आई, आत्या, पोरगी तिघीही 'क'चा काना आधी काढतात आणि बाकीचं एका ओढीत. आईनं विचारल्यावर अगदी शाळेतली रीत सांगितली, हे खरंच झालं. आईचं शिक्षण कोल्हापुरातच, कन्नडचा संबंध नाही, मोडीही नाही. शिरोरेघ मात्र वेगळी निघाली: आत्या डावीकडून उजवीकडं काढते, पोरगी उजवीकडून डावीकडं. दिसायला दोन्ही सारख्याच, उजवीकडं उतरत्या. हे कसं? आणि सैल सांधे पोरीचेच आहेत, आत्याचे नाहीत.

दस्त_दप्तर

कोपराभोवतीचं वर्तुळ दोन्ही दिशांनी तेच आहे, म्हणून उतार तोच. भिंगातून बघा: रेघ जिथं सुरू होते ते टोक बोथट आणि गडद असतं, जिथं हात उचलला जातो ते टोक निमुळतं. आत्याचं निमुळतं टोक उजवीकडं असेल, मुलीचं डावीकडं. तुटक असण्याची कारणंही वेगळी असावीत. आत्याचं पेन ढकलताना अडतं म्हणून ती मध्येमध्ये उचलते, मुलगी बहुधा अक्षर लिहिलं की लगेच त्याच्यापुरती रेघ ओढते. व्हिडिओत ते दिसेल. म्हणजे 'क' आजींचा, उतार डाव्या हाताचा, दाब दोघींचा आपापला, आणि 'ल', 'श' शाळेचे.

पाटीपुस्ती

मग 'क' बदलायच्या मागं लागू नका. एका ओढीचा 'क' वेगाला चांगला असतो. फक्त डावं पोट कान्याला पूर्ण मिटवून घ्या, उघडं राहिलं तर पुढं घाईत 'फ' वाचला जाईल. त्यासाठी आठवडाभर 'व'च्या ओळी द्या, पोट दोन रेघांच्या मध्यावर, आणि मग त्याच 'व'ला हात न उचलता शेपूट. मुलगी शब्द संपवून रेघ ओढायला लागली की तुकडे आपोआप जातील. सुरुवातीला दोन अक्षरी शब्दच द्या, घर, नळ, वड, मग तीन अक्षरी. आणि वही तिरकी ठेवायची खूण म्हणून टेबलावर रंगीत चिकटपट्टीची एक तिरपी रेघ लावून टाका, दरवेळी सांगावं लागत नाही.